सिरोंचा : नदीसाठी उभारलेला जिल्हा

सिरोंचा एके काळी जिल्ह्याचे ठिकाण होते आणि इथल्या साहेबाच्या देखरेखीखाली बस्तरचे अख्खे संस्थान होते, असे नागपुरात कुणाला सांगून पाहा. तो आधी तुमच्याकडे निरखून बघेल आणि मग विचारेल, कुणाची बदली झाली काय तिकडे? सरकारी नोकरांच्या घरांतून हे नाव दोन-तीन पिढ्या असेच ऐकले गेले आहे. गडचिरोलीपासून दोनशे किलोमीटरच्या पुढे, पावसाळ्यात खचणारा रस्ता, नदीपलीकडे तेलंगण, बाजूला छत्तीसगड. शिक्षा म्हणून पाठवायला याहून सोयीचे गाव विदर्भात शोधूनही सापडायचे नाही.

आलापल्ली सुटली की रेपनपल्ली, जिमलगट्टा, बामणी अशी नावे मागे पडत शंभरएक किलोमीटर सागाचे जंगल लागते. मग झाडी अचानक विरळ होते, मिरचीची आणि धानाची शेते दिसू लागतात, आणि कानावर पडणारी भाषाही बदलते. दुकानांच्या पाट्या मराठी, शाळा मराठी, सातबारा मराठी. पण चहाच्या टपरीवर भाव विचारायचा तो तेलुगूत. माडिया आणि गोंडी बोलणारी माणसे आठवडी बाजाराला येतात आणि तिन्ही भाषांत हिशेब चुकता करून जातात. गावाच्या कडेने प्राणहिता वाहते. समोरच्या काठावर कालेश्वर आहे. एकाच शाळुंकेत दोन शिवलिंगे असलेले ते प्रसिद्ध देऊळ. तिथेच प्राणहिता गोदावरीला मिळते. सरस्वतीही गुप्तपणे येते, अशी श्रद्धा आहे.

याच तालुक्यात ग्लासफोर्डपेठा नावाचे एक गाव आहे. अंकिसा, असरअल्ली, झिंगानूर, रेगुंठा अशा नावांच्या पंगतीत हा साहेब कुठून येऊन बसला, असा प्रश्न पडतोच. त्याचे उत्तर शोधायचे तर गोदावरीच्या मुखाकडे, राजमहेंद्रीजवळ जावे लागते.

तिथे धवळेश्वरमला आर्थर कॉटन या इंजिनियरने १८४७ ते १८५२ या काळात गोदावरीवर बंधारा बांधला. दुष्काळाने होरपळलेला त्रिभुज प्रदेश त्या पाण्याने हिरवा झाला. आंध्रात आजही कॉटनचे पुतळे आहेत, त्याला हार पडतात, आणि इंग्रज अधिकाऱ्यांपैकी फार थोड्यांच्या वाट्याला येणारी ही कृतज्ञता त्याने कमावलेली आहे. पण कॉटनचा डोळा केवळ शेतीवर नव्हता. हिंदुस्थानात रेल्वे टाकण्यापेक्षा नद्या आणि कालवे जोडून नावा चालवाव्यात, माल कितीतरी स्वस्तात जाईल, हे त्याचे आयुष्यभराचे वेड होते. गोदावरी नकाशावर पाहिली तर हे वेड पटण्यासारखे वाटते. समुद्रावरून राजमहेंद्री, पुढे पापिकोंडाच्या डोंगरांतली खिंड, भद्राचलम, मग सिरोंचाशी प्राणहिता. प्राणहितेतून वर चपराळ्यापर्यंत, जिथे वर्धा आणि वैनगंगा एकत्र येतात. आणि वर्धेच्या अंगाने थेट कापसाच्या मुलखात. हिंगणघाटचा कापूस तेव्हा नावाजलेला होता. १८५३ मध्ये तिसरे रघूजी भोसले वारले, त्यांच्यामागे गादीला वारस मान्य केला गेला नाही आणि नागपूर कंपनी सरकारच्या घशात गेले. म्हणजे कापूसही हाती आला होता. तो समुद्रापर्यंत न्यायला बैलांचे तांडे तेवढे होते, आणि तांड्याच्या पाठीवरून मुंबईपर्यंत जाणाऱ्या कापसात धूळ किती आणि रुई किती, हा व्यापाऱ्यांचा कायमचा वाद होता.

कॉटनच्या हाताखालचा फेलिक्स हेग नावाचा तरुण इंजिनियर नदी पाहायला निघाला. १८५६ मध्ये त्याचा अहवाल आला. नदी नावांसाठी चांगली आहे, फक्त तीन ठिकाणी ती अडते, असे त्याचे म्हणणे. पहिला अडथळा भद्राचलमच्या वर दुम्मुगुडेमपाशी. दुसरा सिरोंचाच्या खाली इंचमपल्लीपाशी. तिसरा सिरोंचाच्या वर, प्राणहितेत, देवलमरीजवळ. या तिन्ही ठिकाणी पात्रात खडकांचे पट्टेच्या पट्टे आडवे पडलेले आहेत आणि पाणी त्यांतून फुटून, आदळत खाली येते. उपायही हेगने सांगितला होता. खडकाच्या वर बंधारा घालून पाणी चढवायचे, बाजूने कालवा खणायचा आणि कालव्यात लॉक बसवायचे. लॉक म्हणजे दोन्ही टोकांना भक्कम दारे असलेला दगडी हौद. खालून आलेली नाव आत घ्यायची, मागचे दार लावायचे, वरून पाणी सोडायचे. हौद भरत जाईल तशी नाव आपोआप वर येते, मग पुढचे दार उघडून ती वरच्या पातळीत सोडून द्यायची. यंत्र लागत नाही, वाफ लागत नाही. लागते ते पाणी, आणि ते वर्षभर.

इथेच मेख होती. प्राणहितेला जुलैत पाहिलेला माणूस आणि एप्रिलमध्ये पाहिलेला माणूस एकाच नदीबद्दल बोलतात असे वाटणार नाही. पावसाळ्यात हे पात्र समुद्रासारखे फुगते. उन्हाळ्यात वाळूचे पांढरे पट्टे उरतात आणि त्यांतून वाट काढणारे पाणी, काही ठिकाणी गुडघाभर. हेगला हे ठाऊक नव्हते असे नाही. पण हिशेब मांडताना माणूस आपल्या बाजूचे महिने जरा मोठे धरतो.

या सगळ्या मनसुब्यांत एक राजकीय अडचणही होती. सिरोंचा आणि त्याखालचा गोदावरीचा डावा काठ निजामाचा होता. वर चांद्याची, म्हणजे आजच्या चंद्रपूरची हद्द, खाली मद्रास इलाख्याची, मध्ये निजाम. नावा सुरू झाल्या की प्रत्येक घाटावर जकात मागायला माणूस उभा राहणार. शिवाय या काठावर इंग्रजांची सत्ता चालत नाही, याचा चटका १८५८ मध्ये बसला होता. अहेरी जमीनदारीतल्या मोलमपल्लीचे तरुण जमीनदार बाबूराव शेडमाके यांनी गोंड, माडिया आणि रोहिल्यांची फौज उभी करून मार्च १८५८ मध्ये राजगड परगण्यावर हल्ला केला. अडपल्ली-घोटचे जमीनदार व्यंकटराव त्यांना येऊन मिळाले. २९ एप्रिलला प्राणहितेकाठी चुंचगुंडी येथे तारखात्याच्या लोकांच्या तळावर छापा पडला आणि गार्टलँड व हॉल हे दोन इंग्रज मारले गेले. चांद्याचा अधिकारी कॅप्टन क्रिक्टन याला बाबूराव लढाईत सापडले नाहीत. ते सापडले ते अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाई यांच्यामार्फत, सप्टेंबरात. २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याला त्यांना फाशी दिली गेली. लक्ष्मीबाईंना बक्षीस म्हणून ६७ गावे मिळाली. व्यंकटराव बस्तरच्या जंगलात निसटले. त्यांना पकडायला १८६० उजाडले.

त्याच साली, २६ डिसेंबरला, इंग्रज आणि निजाम यांच्यात नवा तह झाला. शाळेच्या इतिहासात या तहाला जागा नाही, पण मराठी मुलखाच्या दृष्टीने तो विलक्षण आहे. १८५७च्या उठावात निजाम इंग्रजांच्या बाजूने राहिला होता, त्याची परतफेड म्हणून त्याचे ५० लाखांचे कर्ज माफ झाले, बंड केलेले सुरापूरचे संस्थान त्याला मिळाले, आणि १८५३ मध्ये काढून घेतलेले रायचूर दुआब व धाराशिव हे मुलूख परत मिळाले. बदल्यात त्याने गोदावरी आणि प्राणहितेच्या डाव्या काठावरचे सहा तालुके इंग्रजांना दिले : सिरोंचा, नूगूर, अल्बाका, चेर्ला, भद्राचलम आणि रेकापल्ली. आणि नदीतून जाणाऱ्या मालावर कोणतीही जकात घेणार नाही, असे कबूल केले.

म्हणजे धाराशिवचे लोक ज्या कागदाने निजामाकडे परत गेले आणि पुढची ८८ वर्षे तिथेच राहिले, त्याच कागदाने सिरोंचाचे लोक निजामाकडून सुटले. दोन्ही ठिकाणच्या माणसांना कुणी विचारले नव्हते, हे वेगळे सांगायला नको. ही देवाणघेवाण कशासाठी? नावांना मोकळी वाट मिळावी म्हणून. जंगलाने भरलेले, वस्ती विरळ, महसूल नगण्य असे हे सहा तालुके केवळ त्यांच्या कडेने वाहणाऱ्या पाण्यासाठी घेतले गेले.

मुलूख घेतला की तो सांभाळायला कचेरी लागते. सहा तालुक्यांचा ‘अप्पर गोदावरी’ नावाचा जिल्हा झाला आणि सिरोंचा त्याचे मुख्य ठाणे. १८६१च्या नोव्हेंबरात मध्य प्रांत स्थापन झाला तेव्हा हा जिल्हा त्यात होता, आणि शेजारच्या बस्तर संस्थानावर लक्ष ठेवण्याचे कामही इथल्या डेप्युटी कमिशनरकडे आले. हा डेप्युटी कमिशनर म्हणजेच चार्ल्स ग्लासफर्ड. बस्तरवर त्याने १८६२ मध्ये लिहिलेला अहवाल त्या संस्थानाविषयीच्या सुरुवातीच्या सविस्तर लेखनांपैकी आहे; बस्तरचा इतिहास लिहिणाऱ्याला आजही तो चाळावा लागतो. सिरोंचात बसून, घोड्यावरून आणि पायी, इंद्रावतीपलीकडचा तो अफाट मुलूख त्याने नोंदवून काढला. ग्लासफोर्डपेठाच्या नावात तो अजून आहे. हेग नाही, कॉटन नाही, ज्यांच्या स्वप्नासाठी हा जिल्हा झाला त्यांपैकी इथे कुणीच नाही.

जिल्हा झाला आणि लगोलग जगात दुसरीकडे एक युद्ध पेटले. एप्रिल १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी सुरू झाली, दक्षिणेकडच्या राज्यांचा कापूस बंदरांत अडकला आणि लँकेशायरच्या गिरण्या उपाशी पडू लागल्या. मँचेस्टरच्या गिरणीवाल्यांनी लंडनमध्ये तगादा लावला : हिंदुस्थानचा कापूस आणा, कुठल्याही वाटेने आणा. मुंबईत त्या तेजीने काय गोंधळ घातला, शेअरच्या सट्ट्यात कोण बुडाले आणि कोण तरले, हे मराठी वाचकाला माहीत असते. त्याच तेजीची एक लाट गोदावरीतून वर चढून सिरोंचापर्यंत पोचली होती, हे मात्र सहसा कुणी सांगत नाही. गोदावरीच्या कामाला पैसा मंजूर झाला. मध्य प्रांताचे चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल यांनी ही योजना उचलून धरली. टेंपल हे कामाचा धडाका लावणारे गृहस्थ. त्यांच्या कारकिर्दीत प्रांतात नुसते अहवालच किती निघाले, तेही बघण्यासारखे आहे.

दुम्मुगुडेमला बंधारा आणि लॉक बांधून झाले. तो बंधारा आजही पाण्यात उभा आहे. पण हे पहिल्या अडथळ्याचे काम होईतोवरच योजनेची दमछाक झाली. मजूर किनाऱ्याकडून आणावे लागत, कारण नदीकाठच्या कोया आणि माडिया लोकांना रोजंदारीच्या बांधकामात रस नव्हता. त्यांचे जंगल त्यांना पुरत होते. आणलेले मजूर हिवतापाने आडवे होत. पावसाळ्यात काम करता येत नसे कारण पूर, आणि पावसाळा संपल्यावर पहिले काही महिने करता येत नसे कारण ताप. दगड होता, लाकूड होते, पैसाही होता, हात नव्हते. इंचमपल्लीच्या दुसऱ्या अडथळ्यावर कामाला हात लागला, पण ते तडीस गेले नाही. देवलमरीचा तिसरा तर आणखी दूर.

तेवढ्यात दुसरीकडून रेल्वे येत होती. एप्रिल १८६५ मध्ये अमेरिकेतली लढाई संपली, कापसाचे भाव कोसळले. १८६७ मध्ये जी.आय.पी. रेल्वे वर्धा ओलांडून नागपूरला पोचली. वऱ्हाड आणि वर्ध्याचा कापूस गाठोड्यांत दाबून थेट मुंबईला जाऊ लागला, बारा महिने, पूर असो की नसो. आता हिंगणघाटचा कोणता व्यापारी आपला माल आधी वर्धा नदीत, मग प्राणहितेत, मग तीन अडथळे पार करून काकिनाड्याच्या बाजूला पाठवणार होता? लाखो पौंड खर्च झाल्यावर १८७१ मध्ये सरकारने काम बंद केले. कॉटन मात्र हरला नाही. निवृत्त होऊन इंग्लंडला गेल्यावरही तो पार्लमेंटच्या समित्यांपुढे रेल्वेपेक्षा कालवे कसे बरे, हेच सांगत राहिला. त्याच्या बाजूने एक गोष्ट कबूल करायला हवी : दुष्काळात रेल्वेने पिकाला पाणी मिळत नाही, हे त्याचे म्हणणे खरेच होते. फक्त सिरोंचाच्या वाट्याला त्याची सिंचनाची बाजू आली नाही, नौकानयनाची आली.

नदीचे काम गेले, तसे जिल्ह्याचे कामही उरले नाही. १८७४ मध्ये अप्पर गोदावरी जिल्हा मोडीत निघाला. भद्राचलम आणि रेकापल्ली मद्रास इलाख्याला गेले, वरचे चार तालुके चांदा जिल्ह्याला जोडून त्यांची सिरोंचा तहसील झाली. पुढे १९०९ मध्ये चेर्ला, अल्बाका आणि नूगूरही मद्रासकडे गेले. चौदा वर्षे जिल्ह्याचे ठाणे असलेले गाव चांदा जिल्ह्याचे सगळ्यात लांबचे टोक होऊन बसले, आणि बदलीची भीती बहुधा इथूनच सुरू झाली असावी.

एकाच तहाने एकत्र आलेल्या त्या सहा तालुक्यांचे पुढे काय झाले हे पाहिले तर आपल्या राज्यांच्या सीमांबद्दलची ठामपणाची भावना जरा सैल होते. भद्राचलम मद्रासमधून आंध्रात, १९५९ मध्ये खम्मम जिल्ह्यात आणि २०१४ मध्ये तेलंगणात गेले. चेर्ला आणि नूगूर-वेंकटापुरमही तेलंगणात. रेकापल्ली मात्र पोलावरम धरणाच्या बुडिताखाली येणाऱ्या भागात असल्याने २०१४ मध्येच आंध्र प्रदेशाकडे वळते केले गेले. आणि सिरोंचा मध्य प्रांतातून मध्य प्रदेशात, १९५६ मध्ये मुंबई राज्यात, १९६० मध्ये महाराष्ट्रात, २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्हा फोडून केलेल्या गडचिरोलीत. गावातल्या एखाद्या शंभरीच्या आजीने घरातून न हलता इतक्या राज्यांत संसार केला असणार. तिचे माहेर बहुधा चेन्नूर किंवा मंथनीकडचे, म्हणजे आता परराज्यात.

आज सिरोंचात त्या दिवसांचे काय दिसते? फार नाही. नदीकडे तोंड करून असलेला इंग्रजी काळातला बंगला. जाड भिंती, खोल व्हरांडा, उंच छत. व्हरांड्यात उभे राहिले की पात्राचे वळण दिसते आणि जागा निवडणाऱ्याची नजर कळते : खालून येणारी प्रत्येक नाव इथून नजरेस पडली असती. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आलेल्या अमेरिकन मेथडिस्ट मिशनच्या खुणा आहेत. वली हैदरशहांचा दर्गा आहे आणि त्याच्या उरुसाला सर्व धर्मांची गर्दी होते. बाजारात हैदराबादी धाटणीची उर्दूही कानावर येते. निजाम जाऊन इतकी वर्षे झाली तरी किराणा मंचेरियालहून येतो, आजारी माणूस वरंगळला नेला जातो, लग्नाचा बस्ता करीमनगरला फाडला जातो. नागपूर निम्म्या लोकांनी पाहिलेले नसते.

जमिनीच्या पोटात मात्र याहून पुष्कळ जुने काही आहे. सिरोंचाच्या उत्तरेला प्राणहितेकाठी कोटा नावाचे छोटेसे गाव आहे. तिथल्या चुनखडीत १८५०च्या सुमारास माशांचे जीवाश्म सापडले आणि लंडनच्या भूशास्त्रज्ञांत या नावाची चर्चा सुरू झाली. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी या खडकांचा अभ्यास केला. १८६३ मध्ये टाकळघाटजवळ पुराच्या पाण्यात बुडून त्यांचा अंत झाला नसता तर आणखी केला असता. जगभरच्या भूशास्त्राच्या पुस्तकांत आज ‘कोटा’ या नावाने एक खडकस्तर ओळखला जातो, ज्युरासिक काळातला. याच थरातून कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या मंडळींनी १९६०च्या आसपास एका अजस्र शाकाहारी डायनासोरची हाडे खणून काढली. त्याच सुमारास रवींद्रनाथांची जन्मशताब्दी आली, म्हणून त्याचे नाव ‘बारापासॉरस टागोराय’. सांगाडा कोलकात्याला उभा आहे. सिरोंचाकरांना पाहायला उरली ती वडधमच्या जीवाश्म उद्यानातली दगड झालेली झाडे. त्या खोडाजवळ वाकून पाहावे. साल ओळखू येते, गाठी ओळखू येतात, आतले रेषांचे वळण ओळखू येते. बोटाने वाजवले तर मात्र खणखणीत दगड. शेजारी जिवंत साग उभा असतो, आणि दोघांच्या खोडाचा घेर जवळपास सारखाच भरतो.

नदीचा उथळपणा, ज्याने हेगचा घात केला, तो इतरांच्या कामी आला. उन्हाळ्यात पायउतार असलेले पात्र आणि पलीकडे दुसरे राज्य, ही सोय ओळखून १९८०च्या सुमारास आंध्रातल्या पीपल्स वॉर या नक्षलवादी गटाचे दलम, म्हणजे सशस्त्र पथक, प्राणहिता उतरून इकडे आले. २ नोव्हेंबर १९८० रोजी याच तालुक्यातल्या मोयाबिनपेठा येथे पेद्दी शंकर हा त्यांचा कार्यकर्ता पोलिसांच्या गोळीने मेला. गडचिरोलीतल्या नक्षलवादाचा हिशेब बहुतेक जण त्या दिवसापासून मांडतात. पुढच्या चाळीस वर्षांत काय झाले ते सर्वांसमोर आहे. या लेखाचा तो विषय नाही. पण बाबूरावांच्या बंडापासून इथल्या प्रत्येक चकमकीत ही नदी कुणाच्या तरी पाठीशी उभी राहिली आहे, एवढे नोंदवायला हरकत नाही.

आणि नदीला बांधण्याचा नाद तर कधी संपलाच नाही. १९८० मध्ये गोदावरी पाणीतंटा लवादाचा निवाडा आला आणि महाराष्ट्र, मध्य प्रदेश व आंध्र यांच्या करारांतून दोन मोठी धरणे पुढे आली : इंद्रावतीवर भोपालपट्टणम आणि गोदावरीवर इंचमपल्ली. होय, तेच हेगचे दुसऱ्या अडथळ्याचे इंचमपल्ली. खडक तिथेच होते, इंजिनियर बदलले होते. या धरणांत माडियांची गावे आणि उत्तम जंगल बुडणार होते. बाबा आमटे पुढे झाले, ‘जंगल बचाव, मानव बचाव’ आंदोलन उभे राहिले, आदिवासी मोर्चे घेऊन आले. प्रकल्प थंडावले. या आंदोलनात तयार झालेली माणसे पुढे मेंढा-लेखासारख्या गावांत ग्रामसभा उभ्या करताना दिसतात. धरण झाले नाही, पण त्याच्या विरोधातून आलेले शहाणपण वाया गेले नाही.

मग आला मेडीगड्डा. २०१६ मध्ये महाराष्ट्र आणि तेलंगण यांच्यात करार झाला, आणि कालेश्वरम उपसा सिंचन योजनेतला हा मेडीगड्ड्याचा लक्ष्मी बराज सिरोंचाच्या अगदी डोळ्यांसमोर, दोन राज्यांच्या मधोमध उभा राहिला. लांबी दीड किलोमीटरहून अधिक, ८५ दरवाजे. २१ जून २०१९ रोजी तेलंगणाचे तेव्हाचे मुख्यमंत्री के. चंद्रशेखर राव यांनी उद्घाटन केले, महाराष्ट्राचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस हजर होते. पाणी उचलून तेलंगणाच्या माळांवर जाऊ लागले. इकडच्या काठावर मात्र नदी कडा कुरतडू लागली, पाणी शेतांत शिरू लागले. जमिनींच्या मोबदल्यासाठी तहसील कचेरीसमोर मंडप पडले. एप्रिल २०२२ मध्ये प्राणहितेच्या पुष्कराचा मेळा भरला तेव्हा सिरोंचाच्या घाटावर लाखोंची गर्दी होती, आणि तीन महिन्यांनी, जुलैत, इतका पूर आला की काठावरची गावे रिकामी करावी लागली. गावातले लोक या पुराचा दोष सरळ बराजला देतात. वरच्या पावसाचा त्यात वाटा किती आणि दरवाज्यांचा किती, हे तज्ज्ञांनी ठरवावे. पण ज्याच्या मिरचीच्या शेतात वाळू साचली त्याने तज्ज्ञांची वाट का पाहावी?

२१ ऑक्टोबर २०२३च्या संध्याकाळी बराजचे काही खांब खचले. सातव्या भागातला वरचा पूल डोळ्यांना दिसेल इतका वाकला. पाया वाळूवर, वाळू खालून वाहून गेलेली. चौकशी आयोग बसला, तेलंगणातले सरकार बदलले, आणि पाणी अडवू नका असा सल्ला मिळाल्याने दरवाजे उघडे ठेवण्यात आले. अडवण्यासाठी बांधलेल्या बराजमधून गोदावरी पूर्वीसारखी सरळ वाहते आहे.

राष्ट्रीय जल विकास अभिकरणाच्या आराखड्यांत अलीकडे गोदावरी आणि कावेरी जोडण्याची योजना आहे. पाणी गोदावरीतून उचलून कृष्णा, पेन्नार ओलांडून थेट तामिळनाडूला न्यायचे, असा तिचा विचार. ते कुठून उचलायचे यासाठी सुचवलेल्या जागांत इंचमपल्ली आहे. छत्तीसगडचा आक्षेप आहे, कारण इंद्रावतीतल्या त्याच्या वाट्याचे पाणी त्यात धरले आहे. तेलंगणाच्याही अटी आहेत. बैठका दिल्लीत आणि हैदराबादेत होतात.